आमंत्रणाचा शिक्का

मला फक्त तीन मित्रांना बोलवायचं होतं. चहाला नव्हे, कॉम्प्युटरवर. एवढ्याशा कामातून आमच्या इमारतीतल्या चोवीस घरांच्या तोंडचं पाणी पळालं, दोन सभा झाल्या, एक चौकशी समिती नेमली गेली आणि त्या समितीवर मलाच घेतलं. जिन्यात भेटणारे लोक अजून माझ्या बोटांकडे बघतात. या प्रकरणाच्या निदान चार आवृत्त्या बाहेर फिरताहेत आणि चारहींत मी वेगवेगळ्या कारणांनी मूर्ख ठरलो आहे. निदान मूर्खपणा तरी माझा स्वतःचा असावा, म्हणून सांगतो.

आम्ही चौघे वीस वर्षं दर रविवारी गावाबाहेर चालायला जात होतो. मी पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्यांनी पुरलेल्या नळांचे नकाशे काढायचो. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. तिसऱ्याला आम्ही तिजोरी म्हणतो, कारण तो बँकेत रोखपाल होता आणि त्याच्या तोंडून एक शब्द बाहेर काढायलाही दोन किल्ल्या लागतात. चौथा गोळी, त्याचं औषधाचं दुकान आहे. प्रत्येक चालण्याची नोंद वहीत व्हायची. नकाशा मी काढायचो, मजकूर मास्तर लिहायचे. अशा एकोणीस वह्या भरल्या.

आता यात लपवण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पण मास्तरांचं म्हणणं असं, की माणसांशिवाय भूगोल अर्धा. त्यामुळे टेकडीची उंची लिहून झाली की टेकडी चढताना झालेलं बोलणंही वहीत उतरायचं. आणि चार मध्यमवयीन पुरुष टेकडी चढताना काय बोलतात? साहेब, मेहुणे, व्याही, शेजारी आणि ज्याच्याकडून छत्री परत येत नाही असा चुलतभाऊ. थोडक्यात, त्या एकोणीस वह्यांत आमच्या झाडून सगळ्या गोतावळ्याबद्दल आमची खरी मतं तारीखवार नोंदलेली आहेत.

मास्तरांचा खुबा दुखावला आणि ते सहा तासांच्या अंतरावर लेकीकडे राहायला गेले, तेव्हा भावाभावांनी शेत वाटून घ्यावं तशा आम्ही वह्या वाटून घेतल्या. पहिल्या नऊ त्यांच्याकडे, पुढच्या दहा माझ्याकडे, कपाटात, कुलपात. वर्षभराने त्यांना माझ्या दहा आठवू लागल्या आणि मला त्यांच्या नऊ. वह्या टपालाने पाठवायला तिजोरीचा विरोध होता, कारण टपाल फुटतं. फोनवरच्या ग्रुपवर टाकायला सगळ्यांचाच विरोध होता, कारण ग्रुपवर सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत व्याह्यांच्या हातात असतं.

सूनबाई कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते. ती म्हणाली, बाबा, आपण तुमच्यापुरतं खासगी जाळं करू. मध्ये कोणी कंपनी नाही, कोठार नाही, तुमच्या मशीनवरून थेट मित्राच्या मशीनवर. तिऱ्हाइताला आत काय चाललंय ते दिसणारच नाही. अट एकच: दोघांनी एकमेकांना मित्र म्हणून मान्य करायला हवं. एकानेच हो म्हणून भागत नाही.

मला ती अट फार आवडली. आयुष्यात अशी सोय असती तर कितीतरी माणसांचा त्रास वाचला असता.

तिने एका दुपारी सगळं बसवून दिलं आणि पडद्यावर माझी किल्ली आली. किल्ली म्हणजे नऊ ओळी. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे, मध्येच अधिकचं चिन्ह, मध्येच तिरकी रेघ. मांजर टाइपरायटरवरून दोनदा गेल्यासारखं. ही किल्ली मित्राला पाठवायची, त्याने त्याची मला पाठवायची, की झालं. सूनबाई हे सांगून आपल्या कामाला निघून गेली. ‘की झालं’ या दोन शब्दांवर माझा तेव्हापासून राग आहे.

पहिल्यांदा मी किल्ली तिजोरीला फोनवर पाठवली. तो आमच्याच इमारतीत सर्वांत वरच्या, चौथ्या मजल्यावर राहतो. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तो खाली आला, पण घरात शिरला नाही. दाराबाहेर उभं राहून त्याने मला विचारलं की मी ठीक आहे ना, माझा फोन माझ्याकडेच आहे ना, आणि काल माझ्या नावाने काहीतरी भलतंच आलं होतं ते मी पाहिलंय का. मी म्हटलं, ते मीच पाठवलं. तो म्हणाला, तसं तर कोणीही म्हणेल. मी म्हटलं, अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे. त्यावर तो म्हणाला, की तेहतीस वर्षं सह्या जुळवल्यावर माणसाला एक गोष्ट कळते: खोटी सही नेहमी जास्त नीट असते. त्याने किल्ली पुसून टाकली होती. कागदावर असेल तर बघू, असं म्हणून तो वर गेला.

गोळीचा स्वभाव मोकळा. त्याने फोन करून सांगितलं की त्याला ते नऊ ओळींचं शेपूट इकडून तिकडे कसं न्यायचं ते कळत नाही, तेव्हा मी वाचून दाखवावं, तो लिहून घेईल. घरात आवाज नीट लागत नाही म्हणून मी गच्चीवर गेलो. मोठा बी, छोटा क्यू, सात, तिरकी रेघ, मोठा ओ. तो विचारायचा, ओ की शून्य? मी म्हणायचो, ओ. तो विचारायचा, कशावरून? चाळीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर बिनचूक वाचणारा हा माणूस सहाव्या ओळीत हरवायचा. त्यात दुकानात गिऱ्हाइकं. एक बाई तर आपल्या औषधाचीच चर्चा चाललीय असं समजून घाबरली म्हणे. तीन दिवस, रोज अर्धा तास, आम्ही हे केलं. चौथ्या दिवशी त्याने सगळं टाइप केल्यावर कॉम्प्युटरने एकच शब्द दाखवला: चूक.

या तीन दिवसांत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे आमचे सेक्रेटरी होते. ते जकात नाक्यावर निरीक्षक होते. त्यांना प्रत्येक पिशवीत दुसरी पिशवी दिसते. ते टाकीची गळती तपासायला गेले होते असं त्यांचं म्हणणं. तीन दिवस गळती तपासावी इतकी ती टाकी गळत नाही, हे मी खात्याच्या अनुभवावरून सांगू शकतो. त्यानंतर जिन्यात भेटले की ते मला ‘काय, सगळं ठीक?’ असं विचारू लागले. आधी नुसते मान हलवायचे.

घरातही हवा बदलली होती. बायकोने विचारलं, गच्चीवर कोणाशी बोलता? मी म्हटलं, गोळीशी. काय बोलता? मी म्हटलं, मोठा बी, छोटा क्यू. तिने पुढे विचारलं नाही, आणि लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाला पुढे न विचारण्याचा अर्थ कळतो. हे जाळं कोणासाठी आहे ते तिला माहीत होतं, कशासाठी तेही माहीत होतं. त्यात तिला आमंत्रण नाही, हेही माहीत होतं. अकराव्या वहीत तिच्या भावावर चार पानं आहेत. मी काय करणार होतो?

आमंत्रण सोपं व्हायला हवं, असं मी सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, सोपं आहे की, नऊ ओळींऐवजी क्यूआर घ्या. ठिपक्यांचा चौकोन. समोरच्याने त्यावर फोन धरला की एक छोटा प्रोग्रॅम उतरतो आणि तुमच्याकडे मैत्रीची मागणी येते. तुम्ही हो म्हणायचं.

हे ऐकल्यावर माझ्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. तिजोरीला कागद हवा होता. मास्तरांना टपालच कळतं. मग तो चौकोन प्रत्येक वेळी छापत बसण्यापेक्षा त्याचा एक रबरी शिक्का का करू नये? कार्ड घेतलं, ठप्प केलं, दिलं. सूनबाई म्हणाली, बाबा, प्रिंटर आहे घरात. मी तिला समजावलं की प्रिंटरच्या कागदाला वजन नसतं. बायको मधूनच म्हणाली, की मित्र राहतो वरच्या मजल्यावर, त्याच्यासाठी शिक्का. मी दुर्लक्ष केलं.

शिक्केवाला एका जिन्याखाली बसतो. त्याने चौकोन पाहिला आणि विचारलं, कोणत्या कार्यालयाचा? मी म्हटलं, कार्यालय नाही, मीच. मग हुद्दा? निवृत्त. त्याने हातातलं खाली ठेवलं. गोल, चौकोनी कुठलाही शिक्का करायचा तर त्याला अधिकारपत्र लागतं, नाहीतर उद्या कोणीही कशावरही उठवेल. मी घरी जाऊन अधिकारपत्र लिहिलं: मी मला असा शिक्का बाळगण्यास परवानगी देत आहे, खाली सही, माझीच. त्याने ते दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाला, यावर शिक्का नाही.

शेवटी त्यालाच माझी दया आली. फुलं, पानं, पक्षी असे शोभेचे शिक्के करायला कागद लागत नाही, तेव्हा आपण हा नक्षीत घालू, असं त्याने सुचवलं. पावतीवर त्याने लिहिलं: ‘नक्षी (फुलाची), मोठी.’

चार दिवसांनी शिक्का आला. देखणा होता. फक्त त्यावर कोणताही फोन धरला तरी काही होईना. मी मूळ चौकोन आणि ठसा शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. शिक्केवाल्याकडे गेलो तेव्हा तो कौतुकाची वाट बघत होता. ठिपके फार विस्कटलेले होते, म्हणाला, मी सगळे सरळ ओळीत घेतले, मधली भोकंही बुजवली, वेगळे पैसे लावले नाहीत.

दुसरा शिक्का मी समोर बसून करून घेतला. एकही ठिपका सुधारायचा नाही, या अटीवर. त्याचं मन दुखावलं, पण शिक्का चालला. पहिलं कार्ड मी गोळीच्या दुकानात नेऊन दिलं. मी घरी पोचल्यावर त्याने फोन धरला, माझ्या कॉम्प्युटरवर मागणी आली, मी हो म्हटलं आणि अर्ध्या मिनिटात आम्ही जोडले गेलो. तीन दिवसांत जे झालं नाही ते अर्ध्या मिनिटात. मला त्या दिवशी भूक लागली नाही.

मग एक कार्ड मास्तरांना पाकिटात घालून टाकलं आणि तिजोरीच्या तयारीला लागलो. तो ठसा पुसट आहे म्हणून नाकारेल, गडद आहे म्हणूनही नाकारेल, हे ओळखून मी पंचवीस कार्डं केली. त्याची त्याने निवडून घ्यावी. कार्डं घेऊन निघालो तर माझे गुडघे चौथ्या मजल्याला नाही म्हणाले. लिफ्ट नाही. खाली जाऊन फाटकावरच्या रखवालदाराकडे गठ्ठा दिला आणि म्हटलं, ‘हे सगळं वर दे.’

त्याने ऐकलं, ‘हे वर सगळ्यांना दे.’

तो कष्टाळू माणूस आहे. घरं चोवीस, कार्डं पंचवीस. त्याने हिशेब केला की उरलेलं फाटकासाठी असणार. तासाभरात प्रत्येक दारावर, बेलच्या शेजारी, चिकटपट्टीने नीट चिकटवलेलं एकेक कार्ड होतं. माझ्याही.

संध्याकाळी सभा. मी खुर्चीवर बसलो आणि माझ्या लक्षात आलं की इमारतीचे दोन पक्ष पडले आहेत. तरुण मंडळींचं म्हणणं, हा फसवणुकीचा कोड आहे, फोन धरला की खातं साफ. सेक्रेटरींचं म्हणणं, कोड हा नुसता देखावा आहे, चोरांनी घरांवर खुणा केल्यात. त्यांनी सगळी कार्डं गोळा करून टेबलावर मांडली होती. बघा, ते म्हणाले, दोन ठसे सारखे नाहीत. कुठे गडद, कुठे फिकट. जितका गडद तितकं घर भरलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं कार्ड जवळजवळ कोरं होतं, कारण तेव्हा माझी शाई संपत आली होती. ते सभा संपेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

रखवालदाराला बोलावलं. त्याने आपण काहीच पाहिलं नाही असं छातीठोकपणे सांगितलं. आपली चूक झाली हे त्याला कळलं होतं, माझीही झाली हे त्याला कळलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, हे कबूल. पण सांगायचं म्हणजे जाळं आलं, जाळं म्हणजे वह्या आल्या, आणि चौदाव्या वहीत मास्तरांनी सेक्रेटरींबद्दल लिहिलंय, की हा गृहस्थ हसण्याआधी आजूबाजूला बघतो. मी गप्प राहिलो. ती शांतता सेक्रेटरींना गांभीर्य वाटली असावी. त्यांनी जाहीर केलं की मला नकाशे कळतात, म्हणून चौकशी समितीवर मी, बँकेतला म्हणून तिजोरी, आणि अध्यक्ष ते स्वतः.

माझ्याकडे काम आलं ते कोणत्या दारावर किती गडद ठसा होता याचा आराखडा काढण्याचं. काढला. सांगायला लाज वाटते, पण चांगला झाला होता. चारही मजले, जिना, गडदपणाच्या पाच छटा, कोपऱ्यात सूची. तिजोरीने एक कार्ड उचललं, उजेडात तिरकं धरलं, नखाने शाई खरवडली आणि काही न बोलता खाली ठेवलं. जिन्यात मला एकट्याला गाठून तो म्हणाला, ‘तू शिक्का मारताना डावा कोपरा दाबतोस. खात्याचे चेक भरायला बँकेत यायचास तेव्हाही असाच मारायचास.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘कोणी विचारलं नाही,’ तो म्हणाला आणि वर गेला. जाळ्यात येण्याबद्दल चकार शब्द नाही.

कोणीही फोन धरू नये, अशी सेक्रेटरींनी सभेत सक्त ताकीद दिली होती. पण सभा उठल्यावर कार्डांच्या टेबलाभोवती बरीच गर्दी रेंगाळली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या कॉम्प्युटरवर मैत्रीच्या अकरा मागण्या आल्या होत्या. लोकांनी नावं बदलली होती, पण ओळखू येत होती. ‘तळमजला ताई’ लपण्यासारखी नव्हती. ‘जागरूक नागरिक’ म्हणजे सेक्रेटरी स्वतः. मी ज्यांना बोलावलं ते येत नव्हते आणि ज्यांच्यापासून लपायचं होतं ते दारात रांग लावून उभे होते. मी भराभर नकार देत सुटलो. त्याने आणखी गोंधळ झाला. दुपारी जिन्यात ऐकलं, की त्या टोळीने अमक्याला नाकारलं, तमक्यालाही नाकारलं. लोक फसवले गेले नाहीत याचं कोणाला समाधान नव्हतं. आपल्यात काय कमी आहे, हा प्रश्न होता.

अकरावी मागणी मात्र मी तशीच ठेवली. तिच्यावर नाव होतं: ‘घरची.’

चार दिवस मी त्या नावाकडे बघत होतो. हो म्हणावं तर मी पानापानाचे फोटो काढून आत भरलेल्या दहा वह्या तिच्यापुढे उघड्या. नाही म्हणावं तर पडद्यावर तिला ‘तुमची मागणी नाकारण्यात आली आहे’ असं दिसणार. चौथ्या दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘माझ्या मागणीचं काय झालं?’

‘कसली मागणी?’

‘मैत्रीची. लग्नाच्या वेळी तुमच्या घरच्यांनी दोन दिवसांत होकार कळवला होता.’

मी विचारलं, कार्डं माझी हे तिला कसं कळलं. तिने नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताची तीन बोटं निळी होती. हे चार दिवस मी ती घेऊन चौकशी समितीत बसत होतो.

मी आत गेलो आणि हो म्हटलं.

पुढचे चार दिवस ती चष्मा लावून फोनवर वाचत होती. मध्येच एकदा तिला हसू आलं, ते कोणत्या वहीवर ते कळलं नाही. मी घरात चोराच्या पावलांनी वावरत होतो आणि आपण होऊन भांडी विसळत होतो. पाचव्या दिवशी तिने चष्मा काढला.

‘माझ्या भावाबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘जरा कमीच आहे.’

माझा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही.

‘दहा वह्यांत माझा उल्लेख सतरा वेळा आहे,’ ती म्हणाली. ‘सोळा वेळा तुम्ही म्हणताय, चला, नाहीतर घरी ओरडा बसेल. मी तुम्हाला कधी ओरडले?’

मी आठवून पाहिलं. नव्हती ओरडली. दर रविवारी परत फिरायची वेळ झाली की मला कारण लागायचं, एवढंच. दमलो असं म्हणवत नव्हतं. हे मी तिला सांगितलं.

‘आणि सतरावी?’ मी विचारलं.

‘ती मास्तरांनी लिहिलीय,’ ती म्हणाली आणि उठली. तिनेच मला सभेत जाऊन खरं सांगायला लावलं.

दुसऱ्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, शिक्का माझा, कार्डं माझी, मित्रांना बोलवायचं होतं, चुकून सगळ्यांच्या दारावर लागली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी शिक्का टेबलावर ठेवला आणि पावतीही ठेवली. सेक्रेटरींनी पावती वाचली: नक्षी, फुलाची. त्यांनी मला बसायला सांगितलं.

ते फार हळुवारपणे बोलले. म्हणाले, तुमच्या गुडघ्यांची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही चार मजले चढून चोवीस दारांवर कार्डं लावाल? रखवालदाराचं नाव घेतल्याशिवाय मला याचं उत्तर देता येईना. शिवाय, ते म्हणाले, मित्राला बोलवायचं तर माणूस हाक मारतो, शिक्का करून घेत नाही. तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालताय, तुमच्या मनाचा मोठेपणा आहे, पण हे तुमच्याच्याने होण्यासारखं काम नाही.

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या आयुष्यातला एकमेव कबुलीजबाब एकमताने फेटाळला गेला. फाटकावर मोठा दिवा लावायचं ठरलं आणि आराखड्याबद्दल माझे आभार मानण्यात आले.

तोवर मास्तरांना कार्ड पाठवून तीन आठवडे होऊन गेले होते. उत्तर नाही. मला नाही नाही ते सुचायला लागलं. त्यांना माझ्या दहा वह्या नकोत? की आपल्या नऊ द्यायच्या नाहीत? नवव्या वहीत माझ्याबद्दल काही आहे का? फोन करावा तर मान आडवा येत होता. एकदा आमंत्रण दिल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे लाचारी. दोघांनी हो म्हणायचं असतं, ही अट तेव्हा मला पहिल्यासारखी गोड वाटेनाशी झाली. मी दिवसातून दहा वेळा कॉम्प्युटर उघडून बघत होतो. तिथे गोळी होता, घरची होती, आणि खाली मोकळी जागा.

एका सकाळी फाटकावरून फोन आला, की एक वयस्कर गृहस्थ आलेत, काठी आहे, बॅग जड आहे, आणि सेक्रेटरी त्यांची चौकशी करताहेत. मी खाली उतरलो. मास्तर आणि सेक्रेटरी समोरासमोर खुर्च्यांवर बसले होते आणि अर्धा तास एकमेकांची उलटतपासणी घेत होते. दोघेही तृप्त दिसत होते.

मास्तरांनी मला पाहिलं, पण उठले नाहीत. खिशातून माझं कार्ड काढून समोर धरलं.

‘हे तू पाठवलंस?’

‘मीच.’

‘कशावरून? यावर नाव नाही, सही नाही, एक ओळ नाही. नुसते ठिपके.’ त्यांचा आवाज जरा चढला. ‘इतक्या वर्षांत एक ओळ लिहिल्याशिवाय तू मला चिठोरंसुद्धा पाठवलेलं नाहीस. मला वाटलं, हा माणूस धड आहे की नाही.’

त्यासाठी ते दुखऱ्या खुब्याने सहा तास बसमध्ये बसून आले होते. मी आमंत्रण इतकं सोपं केलं होतं, की त्यात मी उरलोच नव्हतो.

ते म्हणाले, ‘आधी ओळख पटू दे. पुलाखालच्या वाटेवर चिखलात कोण पडलं होतं?’

‘तुम्ही.’

‘पटली,’ ते म्हणाले. ‘दुसरा कोणी असता तर त्याने माझं मन राखलं असतं.’ मग त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यांना उठवलं.

बॅगेत नऊच्या नऊ वह्या होत्या. टपालावर, मशीनवर, कोणावरच विश्वास नसल्यामुळे त्यांनी त्या स्वतःच आणल्या होत्या. तरीही मी हट्टाने त्यांच्या फोनपुढे माझा चौकोन धरला. मागणी आली, मी हो म्हटलं, आणि एकाच कोचावर मांडीला मांडी लावून बसलेले आम्ही दोघे जाळ्यातून जोडले गेलो. मास्तर आलेत हे कळल्यावर तिजोरी खाली आला, आणि या वेळी घरात शिरला. मास्तर आत आहेत हे दोन वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याने फोन पुढे केला. दुकानाला कुलूप लावून गोळीही आला. मास्तर पाच दिवस राहिले. आम्ही रोज फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत असे चाललो, आणि मास्तरांनी विसावी वही सुरू केली: अंतर दोनशे दहा पावलं, चढ नाही.

पण या वेळी चालायला बायकोही आली. मास्तर हळू चालतात, ती त्यांच्या चालीने चालायची, आणि आम्ही तिघे पुढे जाऊन थांबायचो. मागे वळून पाहिलं की ती काहीतरी सांगत असायची आणि मास्तर काठी टेकून हसत असायचे. मी जवळ गेलो की बोलणं झाडांवर यायचं.

मास्तर परत गेले त्याला महिना झाला. त्यांनी जाण्यापूर्वी तिच्या फोनवर स्वतःची मागणी पाठवली आणि तिने ती तिथल्या तिथे मान्य केली. चार दिवस लावले नाहीत. आता माझ्या पडद्यावर त्या दोघांची नावं एका हिरव्या रेघेने जोडलेली दिसतात. रोज दुपारी ती रेघ लुकलुकते. काहीतरी जातं, काहीतरी येतं. मी सूनबाईला विचारलं, की ते काय बोलतात हे बघायची काही सोय आहे का. ती म्हणाली, नाही बाबा, नसावी म्हणून तर तुम्ही हे बसवून घेतलंत.

सतराव्या वेळी मास्तरांनी काय लिहिलंय ते मी शोधून काढलं. बाराव्या वहीत, समासात, बारीक अक्षरात आहे: ‘याची बायको याच्याहून चांगली चालेल. विचारलं पाहिजे.’ इतकी वर्षं ती वही माझ्या कपाटात होती. आतल्या खोलीत आत्ता तिच्या फोनचा आवाज झाला, आणि ती हसते आहे.